रंगभूमीची भूमि

रंगभूमि हा शब्द आपण इतक्या सवयीनें उच्चारतों कीं, त्यांतील उत्तरपदाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. नाटककार, नट, दिग्दर्शक, संगीत, नेपथ्य, प्रकाशयोजना, इतकेंच काय पण प्रेक्षकांची अभिरुचि, या सर्वांविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या भूमीवर हें सर्व उभें राहतें ती कशाची केलेली आहे, ती पायांस कशी लागते, कानांस कशी ऐकूं येते, व जीर्ण झाल्यावर तिच्या जागीं काय घालावें, या प्रश्नास साहित्यविषयक मासिकांनीं आपल्या पानांत फारशी जागा दिलेली नाहीं. तो सुतारकामाचा प्रश्न आहे, टीकेचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, तो प्रथमतः टीकेचाच प्रश्न आहे. टीकेनें तो सोडून दिला म्हणून तो सुताराच्याहि हातीं न राहतां निविदेच्या कागदावर जाऊन पडला आहे.

नागपूरकरांस तर या प्रश्नाकडे पाठ फिरवितां येणार नाहीं. पुरुषोत्तम दारव्हेकर व त्यांचें रंजन कला मंदिर याच नगरींतलें. त्यांच्या 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या संगीत नाटकांतील खांसाहेब ज्यांनीं आपल्या गळ्यानें अजरामर केले, त्या डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नांवाचें सभागृह सिव्हिल लाइन्समध्यें उभें आहे. रेशीमबागेंतील कविवर्य सुरेश भट सभागृहाचें उद्घाटन २०१७ सालीं झालें, व त्याच रेशीमबागेंत २०१९ सालीं नव्व्याण्णवावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलें. विदर्भ साहित्य संघाचें धनवटे रंगमंदिर मात्र आतां केवळ स्मरणांत उरलें आहे. अशा नगरींतील मोठ्या मंचास एकाच दिवशीं सकाळीं शाळेचें स्नेहसंमेलन, दुपारीं सत्कारसमारंभ व रात्रीं नाटक असा तिहेरी संसार करावा लागतो. म्हणून मंच कोणताहि असो, केव्हां तरी त्याची जमीन झिजते, फळ्या करकरूं लागतात, सांधे उचलतात. आणि मग 'नूतनीकरण' हा शब्द उच्चारला जातो.

नूतनीकरणाच्या याद्या वाचकांनीं पाहिल्या असतील. खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, दिवे, रंगरंगोटी, स्वच्छतागृहें: या सर्वांची गरज आम्ही नाकारीत नाहीं. पण जमीन त्या यादींत आलीच तर 'उत्तम प्रतीची लांकडी फरशी, पॉलिशसह' अशा एका ओळींत आटोपते. त्या ओळींत जें लिहिलेलें असतें तें मंचाच्या फारसें उपयोगाचें नसतें, आणि जें अवश्य तें तींत नसतें, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे. हें विवेचन कोणा एका सभागृहावर रोख धरून केलेलें नाहीं. ज्यांच्या हातीं उद्यां अशी निवड करण्याचें काम येईल त्या सर्वांसाठीं तें आहे.

आपल्या परंपरेनें हा विषय क्षुद्र मानलेला नव्हता. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचीं मापें सांगतांना भरतमुनि मंचाच्या भूमीविषयीं मोठ्या बारकाईनें बोलतात. जमीन नांगरावी, ढेकळें, गवत व खडे वेंचून काढावे, भरावासाठीं काळी माती घ्यावी. रंगशीर्ष, म्हणजे मंचाचा मागचा भाग, कांसवाच्या पाठीसारखा फुगलेला नसावा, माशाच्या पाठीसारखा मध्यें कणा काढलेला नसावा, तर स्वच्छ आरशाच्या पृष्ठासारखा असावा. याच भूमींत पूर्वेस हिरा, दक्षिणेस वैडूर्य, पश्चिमेस स्फटिक, उत्तरेस पोवळें आणि मध्यें सोनें घालावें, असेंहि ते सांगतात. आधुनिक वाचक हा सगळा भाग विधीचा म्हणून ओलांडून पुढें जाईल. आम्हांस त्यांतून दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. एक अशी कीं, आरशाचा दृष्टांत सपाटीसाठीं आहे, चकाकीसाठीं नव्हे. कांसव व मासा हे त्याचे शेजारी पाहिले म्हणजे याविषयीं संशय राहत नाहीं. दुसरी अशी कीं, जें मोलाचें तें भूमीला द्यावयाचें, आणि पाऊल पडावयाचें तें साध्या, सारख्या पृष्ठावर. आज आपण नेमकें उलट करितों. मोल वर मांडतों, त्यास चकाकी देतों, आणि भूमीच्या पोटांत काय आहे तें पाहत नाहीं.

मंचाच्या जमिनीला चार धनी आहेत: पाय, कान, डोळा आणि खिळा. यांपैकीं उद्घाटनाच्या दिवशीं एकटा डोळा हजर असतो, व म्हणून त्याचाच शब्द चालतो. उरलेले तिघे दुसऱ्या दिवशीं येतात आणि मग वर्षानुवर्षें राहतात. निवड करावयाची ती या चौघांस विचारून.

प्रथम पायाचें गाऱ्हाणें ऐकूं. उडी घेऊन खालीं येणाऱ्या नर्तकाच्या पायावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणभर येतो. जमीन किंचित दबली तर त्या भाराचा कांहीं अंश ती आपणाकडे घेते. न दबली तर तो सगळा घोटा, नडगी, गुडघा व कंबर यांना आपसांत वांटून घ्यावा लागतो. सिमेंट-कांक्रीटचा स्लॅब दबत नाहीं. त्यावर शहाबादी फरशी किंवा संगमरवर बसविला तरी तो दबत नाहीं, हें सर्वांस कळतें. पण त्याच स्लॅबवर लांकडाची पातळ पट्टी थेट चिकटविली तरीहि तो दबत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. डोळ्यास लांकूड दिसतें, पायास दगड लागतो. नडगीच्या हाडास सूक्ष्म तडे जाणें हें नर्तकांच्या नेहमीच्या दुखण्यांपैकीं एक आहे, आणि कठीण जमीन हें त्याच्या कारणांत गणलें जातें. नट उड्या मारीत नसला तरी तो तास न् तास उभा असतो, गुडघे टेंकतो, पडतो, आणि प्रयोगामागून प्रयोग तेंच पुन्हां करितो. शाळेच्या संमेलनांत तर लहान मुलें अनवाणी नाचतात. म्हणून लांकूड कोणतें हा दुसरा प्रश्न होय. लांकडाखालीं काय आहे, हा पहिला.

त्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर अनुभवानें आतां बरेंच स्थिर झालें आहे. स्लॅबवर ठराविक अंतरानें रबराच्या लहान गाद्या, त्यांवर वासे, त्या वाशांवर आडवे दुसरे वासे, त्यांवर प्लायवूडचे दोन थर, एकाचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येणार नाहींत असे, आणि सर्वांत वर एक पातळ थर, अशी ही रचना असते. ती धक्का झेलते, पण पाऊल डगमगूं देत नाहीं. कारण मंच हा कांहीं उड्यांचा झुला नव्हे. खेळांच्या बंदिस्त क्रीडांगणांसाठीं युरोपांत ई. एन. १४९०४ नांवाचें मानक आहे. जमिनीनें धक्का किती शोषावा याचें मोजमाप त्यांत दिलेलें असून नृत्याच्या जमिनी पारखतांनाहि त्याचा आधार घेतात. म्हणजे जमिनीची लवचिकता ही केवळ अनुभवी पायालाच कळणारी गोष्ट राहिलेली नाहीं. ती मोजतां येते. आणि मोजतां येते म्हणून करारांत लिहितांहि येते.

दुसरा धनी कान. जपानांतील नो नाट्याच्या पारंपरिक मंचाखालीं मातीचे मोठे रांजण तिरके बसविलेले असत. नटानें पाय आपटला कीं तो नाद त्यांतून भरून येई. वरची जमीन हिनोकी नांवाच्या, सुरूच्या कुळांतील सुवासिक लांकडाची. तेथें जमीन हें एक वाद्यच समजलें गेलें. आपल्याकडे रांजण नसतील, पण वाद्य आहेच. कथ्थकाचा तत्कार, लावणींत घुंगरांच्या भारासह पडणारें पाऊल, १९७२ सालीं पुण्यांत प्रथम झालेल्या 'घाशीराम कोतवाल'मधील माणसांच्या त्या भिंतीचीं तालबद्ध पावलें, हीं सर्व जमिनीकडून उत्तर मागतात. दगडावर चिकटविलेली पट्टी उत्तर देत नाहीं. उलट, फार पोकळ जमीन नको तेव्हांहि बोलते. करुण प्रसंगांत नायिका एक पाऊल मागें सरते, आणि ढोलावर थाप पडावी तसा आवाज मंचापुढील मायक्रोफोनमधून सभागृहभर जातो. याचा उपायहि वाशांच्या पोटांतच आहे: पोकळींत ध्वनि शोषणारी खनिज लोकर भरावी, प्लायवूड खिळ्यांनीं न ठोकतां स्क्रूनें आवळावें, दोन थरांमध्यें घर्षणाची करकर होऊं देऊं नये. वरून पॉलिश कितीहि चढविलें तरी या आवाजांत तिळमात्र फरक पडत नाहीं.

तिसरा धनी डोळा, आणि गंमत अशी कीं, ज्याच्यासाठीं पॉलिशचा खर्च होतो त्याचेंच पॉलिशनें नुकसान होतें. चकचकीत जमीन दिव्यांचें प्रतिबिंब परत फेंकते. वरून पडलेला प्रकाश खालून उसळून नटाच्या हनुवटीखालीं येतो, पडद्यावर डाग पडतात, आणि अंधार हवा असतो तेथें अंधार होत नाहीं. बाल्कनींत बसणाऱ्या प्रेक्षकाला तर मंचाची जमीन हीच पार्श्वभूमि असते. तो नटाला पडद्यासमोर नव्हे, जमिनीवर रेखलेला पाहतो. तिच्यांत दिव्यांच्या रांगा चमकत राहिल्या तर प्रकाशयोजनाकारानें कितीहि कौशल्य दाखविलें तरी तें निम्में वायां जातें. नाटकाच्या डोळ्याला हवी ती काळी, निस्तेज, स्वतःकडे लक्ष वेधून न घेणारी जमीन. सत्काराच्या छायाचित्रांस ती शोभत नाहीं, हें मान्य. तेवढ्या वेळापुरता गालिचा अंथरावा. तो गुंडाळतां येतो, पॉलिश गुंडाळतां येत नाहीं.

चौथा धनी खिळा. मराठी व्यावसायिक नाटक हें मुख्यतः फिरतें नाटक आहे. नेपथ्य गाडींतून येतें, कामगार थोड्या तासांत दिवाणखाना उभा करितात, आणि रात्रीं तो मोडून पुन्हां गाडींत भरतात. फ्लॅट उभा राहतो तो मागच्या टेकूच्या बळावर, आणि टेकू उभा राहतो तो जमिनींत मारलेल्या खिळ्याच्या किंवा त्यावर ठेविलेल्या वजनाच्या बळावर. १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच प्रसिद्ध आहे. अशा यंत्राचा सगळा भार चाकाखालच्या चार बोटें जागेवर येतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'सारख्या नाटकाला, तें १९८५ सालीं प्रथम रंगमंचावर आलें तेव्हांपासून, एक अख्खें घर उभें करावें लागतें. अमेरिकेंतील बांधकामसंहिता मंचाच्या जमिनीसाठीं दर चौरस फुटास १५० पौंड भार धरावयास सांगते, व राहत्या घराच्या खोलीसाठीं ४०. या दोन आंकड्यांतील अंतर पाहिलें म्हणजे घरच्या फरशीचा नमुना पाहून मंचाची जमीन ठरविणें किती धोक्याचें आहे तें कळेल. जी जमीन खिळा घेत नाहीं, किंवा घेतला तर चिरते, किंवा जिच्यावर 'खिळे मारण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावावी लागते, ती दिवाणखान्याची जमीन होय; मंचाची नव्हे.

आतां लांकडाचा प्रश्न. विदर्भांत हा प्रश्न निघाला कीं उत्तर तयारच असतें: सागवान. आणि हा अभिमान निराधार नाहीं. आलापल्लीच्या रानांतील साग कोणाला ठाऊक नाहीं? दिल्लीच्या, २०२३ सालीं खुल्या झालेल्या नव्या संसदभवनासाठीं सागवान नागपूरहून गेलें; त्याच वर्षीं अयोध्येच्या राममंदिरासाठीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गेलें. मग नागपूरच्याच मंचावर दुसरें लांकूड कां घालावें, असें कोणीहि विचारील. साग टिकाऊ आहे, वाळवीला सहसा दाद देत नाहीं, व इतर लांकडांच्या मानानें तो कमी वाकतो. हे गुण खरे आहेत. पण ते गुण वरच्या थराला लागणारे गुण नव्हेत.

याचीं कारणें दोन आहेत. पहिलें हवामानाचें. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश सेल्सिअस इतकें तापमान नोंदलें गेलें. उन्हाळ्यांत येथील हवा अगदीं कोरडी असते, आणि पावसाळ्यांत तीच ओलाव्यानें जड होते. लांकूड हवेबरोबर श्वास घेतें. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असतां लांकडांतील ओलावा सुमारें ६ टक्क्यांवर स्थिरावतो, ८० टक्के असतां तो १६ च्या आसपास जातो. सभागृहाच्या आंत हा फेर थोडा कमी, समजा ६ टक्क्यांचाच, धरला, तरी सहा इंच रुंदीची सागाची सपाट कापलेली फळी त्यानें दीड मिलिमीटरहून कांहींशी अधिक रुंदावते किंवा आकसते. एका फळीस हें अल्प वाटेल. पण दहा मीटर रुंदीच्या मंचावर अशा फळ्या शेजारीं शेजारीं मांडल्या तर हिशेब दहा सेंटिमीटरांच्या वर जातो. ही वाढ भिंतीशीं जागा न सोडतां कोंडली तर मंचावर कांसवाची पाठ उभी राहते, आणि सुकल्यावर फटींत घुंगरू अडकतें. वातानुकूलनानें हें टळेल असें समजूं नये. यंत्र प्रयोगापुरतें चालतें व मग बंद होतें. त्यामुळें लांकडाला ऋतूंबरोबर दिवसाचेहि हेलकावे सोसावे लागतात. प्लायवूडमध्यें एकाआड एक थर आडवेउभे असल्यामुळें ते एकमेकांस धरून ठेवितात, आणि ही हालचाल पुष्कळ कमी होते. मंचासाठीं त्याची योग्यता स्वस्ताईमुळें नव्हे, या स्वभावामुळें आहे.

दुसरें कारण मनुष्यस्वभावाचें. ज्या जमिनीवर मोठा खर्च झाला तिच्यावर खिळा मारूं देण्यास कोणताहि व्यवस्थापक तयार होत नाहीं. तो पाटी लावतो, पहारा ठेवतो, रंग सांडला तर दंड करितो. आणि हळूहळू नाटक हें जमिनीचा पाहुणा होऊन बसतें. नाटकाच्या सोयीसाठीं घातलेली जमीन नाटकालाच भिववूं लागते. महागड्या वरच्या थराचा हा सर्वांत मोठा दोष आम्ही समजतों. कारण तो लांकडाचा नसून त्याच्या किंमतीचा आहे, व कोणत्याहि पॉलिशनें तो झांकत नाहीं.

इतर वस्तूंचाहि येथेंच परामर्श घेऊं. घरगुती लॅमिनेट, ज्यावर लांकडाचें केवळ चित्र असतें, तें मंचावर आणूंच नये: खिळा घेत नाहीं, चमकतें, व कडेनें पाणी लागलें कीं फुगतें. देवदार, चीड यांसारखीं मऊ लांकडें खिळा सुखानें घेतात व पायाला गोड लागतात. परंतु त्यांना कुसळें निघतात, आणि अनवाणी नाचणाऱ्यांच्या देशांत हा दोष लहान नव्हे. व्हिनाइलचे गुंडाळे पाश्चात्य नृत्यसंघांना प्रिय आहेत; त्यांच्या बुटांना व मोज्यांना ते योग्य पकड देतात. पण कथ्थकाच्या चक्करींत अनवाणी टांच त्यावर अडखळते, आणि तत्काराचा आवाज तर तो पिऊनच टाकतो. म्हणून व्हिनाइल असावें तें गुंडाळून ठेविलेलें, मागणीप्रमाणें अंथरण्यासाठीं. कायमचें चिकटविलेलें नसावें. पाश्चात्यांचें तें सर्व टाकाऊ असें आम्ही म्हणत नाहीं. वर सांगितलेली रचना बहुतांशीं त्यांच्याच प्रयोगांतून आलेली आहे. पण रचना घेणें व पृष्ठ घेणें यांत अंतर आहे. रचना शरीरासाठीं असते, आणि शरीर सर्वत्र सारखें. पृष्ठ त्या त्या नृत्यासाठीं असतें.

राहतां राहिला हार्डबोर्ड. १९२४ च्या सुमारास विल्यम मेसन या अमेरिकन गृहस्थानें वाफेच्या दाबानें लांकडाचे तंतु मोकळे करून त्यांचे दाबलेले तक्ते बनविण्याची युक्ति काढली. तेल पाजून कठीण केलेले असे तक्ते काळ्या निस्तेज रंगांत रंगवून मंचाच्या वरच्या थरासाठीं पुष्कळ देशांत वापरतात. कुसळ नाहीं, चकाकी नाहीं, खिळा चालतो, खराब झाला तर तक्ता काढून दुसरा घालतां येतो. आपल्याकडे त्यास एक विघ्न आहे: पाणी. सभागृहाचा झाडूवाला बादलीभर पाण्यानें मंच पुसूं लागला कीं पावसाळ्यांत हार्डबोर्डाच्या कडा पापडासारख्या फुगतात. म्हणून जेथें कोरड्या सफाईची शिस्त पाळली जाईल तेथें हार्डबोर्ड, आणि जेथें तसा भरंवसा नाहीं तेथें पाण्यास टिकणाऱ्या प्लायवूडचा पातळ थर, असा आमचा निर्णय आहे.

तात्पर्य, आमची शिफारस थोडक्यांत अशी. मौल्यवान लांकूड खालीं घालावें. वासे सागाचे असावेत. अंधारांत, वाळवीच्या वाटेवर, बदलण्यास अवघड अशा जागीं त्याचें चिवटपण कामास येतें. त्यांवर आय. एस. ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायवूडचे दोन थर. अग्निसुरक्षेची अट असेल तेथें आय. एस. ५५०९ मानकाच्या आगप्रतिबंधक प्लायवूडचा विचार करावा. आणि सर्वांत वर झिजण्यासाठींच घातलेला स्वस्त, काळा, स्क्रूनें बसविलेला थर. चाळीस फूट रुंद व तीस फूट खोल मंच धरला तर त्याचें क्षेत्र १,२०० चौरस फूट होतें. आठ बाय चार फुटांच्या तक्त्याचें ३२. म्हणजे ३८ तक्त्यांत सगळा मंच नवा होतो, आणि बहुतेक वेळां सगळा करावाहि लागत नाहीं. मध्यभागींचे, जेथें पावलें अधिक पडतात ते, आठ दहा तक्ते पुरतात. हें काम सभागृहाचा सुतार एका दिवसांत करूं शकतो. त्यासाठीं मंच महिनोन् महिने बंद ठेवावा लागत नाहीं, व पुन्हां उद्घाटन करावें लागत नाहीं. कदाचित् हीच गोष्ट कांहींच्या दृष्टीनें तिच्या आड येत असेल.

यावर एक आक्षेप संभवतो. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या वास्तूंत कायम टिकणारी वस्तु घालावी. झिजणारी वस्तु मुद्दाम घालणें हा अपव्यय आहे, असें म्हणतां येईल. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी त्याचें मूळ मंचाविषयींच्या गैरसमजांत आहे. मंचाची जमीन ही टिकण्यासाठीं नसून वापरली जाण्यासाठीं असते. विदर्भाच्या पूर्वेकडील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमि आहे. दिवाळी झाली कीं तेथें गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात. तिच्या एका नटाला, परशुराम खुणे यांना, २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. गांवच्या उघड्या जागेंत त्या नाटकासाठीं मंच उभा राहतो, आणि काम झालें कीं तो निघतो. ज्या झाडींत साग वाढतो त्याच झाडींतल्या लोकांनीं, मंच ही जपून ठेवण्याची वस्तु नव्हे, हें आपल्या आचरणानें दाखवून दिलें आहे. शहरी सभागृहानें तेवढा वरचा एक थर झाडीपट्टीच्या वृत्तीनें घातला, तर खालचे सगळे थर पिढ्यान् पिढ्या टिकतील. खरा अपव्यय होतो तो वरचा महाग थर झिजला म्हणून खालच्यासकट सर्व उखडलें जातें तेव्हां.

शेवटीं निविदेविषयीं. दर चौरस मीटरास अमुक रुपये अशी 'लांकडी फरशी' मागितली, कीं सर्वांत कमी बोली लावणारा कंत्राटदार वरची पट्टी उत्तम देतो व खालच्या गाद्या, वासे, लोकर गाळतो. त्यांत त्याचा अपराध मोठा नाहीं; आपण मागितलेंच नाहीं तें तो कां देईल? म्हणून प्रत्येक थर स्वतंत्र कलम म्हणून लिहावा, लांकूड बसविण्यापूर्वीं कांहीं आठवडे त्याच सभागृहांत ठेवावें म्हणजे तें तेथल्या हवेला सरावतें, आणि पूर्ण जमीन घालण्याआधीं आठ बाय आठ फुटांचा एक नमुना मंचावरच करून घ्यावा. त्या नमुन्याची परीक्षा तीन मनुष्यांनीं करावी. नर्तकीनें अनवाणी उडी मारून पाहावी. ध्वनियोजनाकारानें शेवटच्या रांगेंत बसून तें पाऊल ऐकावें. आणि नेपथ्याच्या कामगारानें त्यांत खिळा मारून तो उपटून पाहावा. तिघांच्या सह्या झाल्याखेरीज कोणाहि अधिकाऱ्यानें सही करूं नये. या परीक्षेस खर्च नाहीं. फक्त ज्यांना आजवर कोणी विचारलें नाहीं त्यांना विचारावें लागेल.

टीकेचें कर्तव्यहि येथेंच सुरू होतें. प्रयोगाचें परीक्षण लिहितांना नटाचा पाय जड पडला, नृत्य फिकें वाटलें, प्रकाश विसविशीत होता, असें आपण लिहितों, व दोष कलावंताच्या पदरीं बांधतों. त्यांतील कांहीं दोष जमिनीचा असूं शकेल, ही शंका ज्या दिवशीं टीकाकाराच्या मनांत येईल, आणि परीक्षणांत जमिनीविषयीं दोन वाक्यें लिहिण्याचा प्रघात पडेल, त्या दिवसापासून निविदेची ती एक ओळ बदलूं लागेल. भरतमुनींनीं आरसा सांगितला तो सपाटीसाठीं; मंचाला चकचकीत करून त्यांत आपलें तोंड पाहण्यासाठीं नव्हे.